प्रकल्प नोंदी: एकच रेणुसूत्र, चार दावेदार आणि एनएमआर

४ मार्च

दोन नमुने हाती आले. त्यांची रचना एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजून, ठरवायची. ‘अ’ हे फिकट पिवळं तेल, ‘ब’ हा पांढरट स्फटिकरूप पदार्थ. चिठ्ठीवर एवढंच आहे की ‘ब’ हा ‘अ’चं अमोनियायुक्त पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइडने ऑक्सिडीकरण करून मिळवला. ‘अ’चं मास स्पेक्ट्रममधून आलेलं रेणुसूत्र : दहा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. रेणुवस्तुमान १६४.२०.

असंपृक्ततेचा आकडा : (२ × १० + २ − १२) ÷ २ = ५. त्यातले चार एकटं बेंझीन वलय घेतं. उरलेला एक म्हणजे दुहेरी बंध किंवा आणखी एक वलय. इन्फ्रारेडमध्ये ३५०० च्या आसपास ओएच दिसतो, कार्बोनिल नाही. म्हणजे अरोमॅटिक वलय, एक फिनॉल, बहुधा एक मेथॉक्सी (ऑक्सिजनवर मिथाइल) आणि तीन कार्बनांची असंपृक्त साखळी.

या वर्णनात चार जण सहज बसतात : युजेनॉल, चॅविबेटॉल (यात ओएच आणि मेथॉक्सी यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात), ऑर्थो-युजेनॉल (अ‍ॅलिल गट, म्हणजे टोकाला दुहेरी बंध असलेली तीन कार्बनांची साखळी, ओएचच्या शेजारी) आणि आयसोयुजेनॉल (दुहेरी बंध वलयाला लागून). मास स्पेक्ट्रम यांच्यात भेद करणार नाही. प्रोटॉन (हायड्रोजनचा) एनएमआर स्पेक्ट्रम शेवटच्याला लगेच बाद करेल. पहिल्या तिघांत तो निव्वळ ‘जुळतोय’ एवढंच सांगेल. पद्धत म्हणून इथेच लिहून ठेवतो : नाव सिद्ध करण्यापेक्षा उरलेल्या तिघांना बाद करायचं, आणि प्रत्येकाविरुद्ध बोट ठेवता येईल असं एक ठोस पीक (स्पेक्ट्रममधलं शिखर) हवं. तक्त्यातल्या मूल्याशी ०.०५ पीपीएमने (पीकच्या जागेचं एकक) जुळणं हा पुरावा धरायचा नाही.

५ मार्च

नमुना तयार करणं. द्रावक : ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्म, ०.०३ टक्के टीएमएस (मोजपट्टीचा शून्य ठरवणारा पदार्थ) घातलेला. बाटली जुनी असली की त्यात आम्लाचा अंश साठतो. त्यामुळे फिनॉलचा प्रोटॉन वेगाने अदलाबदल करतो आणि त्याचं पीक पसरट होऊन तळाला चिकटतं. पुढच्या कामात हा ओएच धारदार हवा आहे, कारण एचएमबीसीमध्ये (दोन-तीन बंधांपलीकडचे प्रोटॉन-कार्बन संबंध दाखवणारा प्रयोग) त्याचाही उपयोग होणार. म्हणून द्रावक आधी पाश्चर पिपेटमधल्या बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या दोन सेंटिमीटर थरातून गाळून घेतला. नमुना विरघळवल्यावर हे करायचं नाही. फिनॉल अ‍ॅल्युमिनावर अडकून बसतो आणि ट्यूबमध्ये जवळजवळ रिकामा द्रावक उतरतो.

प्रमाण : प्रोटॉन आणि द्विमितीय प्रयोगांसाठी १५ मिलिग्रॅम, कार्बनसाठी वेगळ्या ट्यूबमध्ये ४० मिलिग्रॅम, दोन्हींत द्रावक ०.६ मिलिलिटर. ५ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये एवढ्याने साडेचार सेंटिमीटरच्या आसपास उंची येते. द्रावक वाचवण्यासाठी ०.४ वर थांबू नये. स्तंभाची वरची आणि खालची टोकं कॉइलच्या जवळ येतात, तिथे क्षेत्र वाकतं आणि झेड अक्षाची शिम (क्षेत्र एकसारखं करणारी जुळणी) कितीही फिरवली तरी पीकची बूड सरळ होत नाही.

गाळण्यासाठी काचेची लोकर. कापूस चालतो, पण क्लोरोफॉर्म त्यातली चरबी ओढतो आणि ०.८६ व १.२६ ला उंचवटे येतात. मग ते नमुन्यातले की कापसातले यावर वेळ जातो. ट्यूब अ‍ॅसिटोनने धुतली असेल तर नीट सुकवावी, नाहीतर २.१७ ला सिंगलेट (न फाटलेलं पीक) ठरलेला. पाण्याचं पीक १.५६ ला येईल, ते राहू द्यावं.

६ मार्च

यंत्र ४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ९.४ टेस्ला. ट्यूब स्पिनरमध्ये घालताना खोली मापकाने बघितली. द्रावणाचा मध्य कॉइलच्या मध्याशी. लॉक (द्रावकाच्या ड्यूटेरियमवरून क्षेत्र स्थिर ठेवणं), मग ट्यूनिंग-मॅचिंग, मग शिम, याच क्रमाने. स्वयंचलित ग्रेडियंट शिमवर टीएमएसची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.७ हर्ट्झ आली. एका बाजूला पाय फुटलेला दिसला असता तर झेड-२ आणि झेड-४ हाताने बघावे लागले असते. दोन्ही बाजूंना सारखी सूज असेल तर बहुतेकदा द्रावणात तरंगणारे कण कारण असतात. तिथे शिमशी झटापट न करता पुन्हा गाळावं.

पल्स ३० अंश, नोंदणीचा काळ ४ सेकंद, मधला विराम १ सेकंद, १६ स्कॅन. रिसीव्हर गेन स्वयंचलित, तरी एफआयडीची, म्हणजे कच्च्या सिग्नलची, सुरुवात डोळ्यांनी तपासली. ती वरून कापलेली दिसली तर तळरेषा लाटांसारखी होते आणि इंटिग्रेशनला (पीकखालचं क्षेत्रफळ मोजण्याला) अर्थ उरत नाही. प्रक्रिया : ६४ हजार बिंदू, ०.३ हर्ट्झचं रुंदीकरण. संदर्भ टीएमएस शून्यावर. उरलेला क्लोरोफॉर्म ७.२६ ला आला, म्हणजे मोजपट्टी ठीक.

‘अ’ची प्रोटॉन मूल्यं (पीपीएममध्ये; डबलेट म्हणजे दोन फाट्यांचं पीक, हर्ट्झमधला आकडा म्हणजे फाट्यांमधलं अंतर, कपलिंग) :

६.८५, डबलेट, ८.० हर्ट्झ, १ प्रोटॉन
६.६९, एकमेकांवर चढलेले दोन, २ प्रोटॉन
५.९६, बहुशाखी, १६.८, १०.० आणि ६.७ हर्ट्झ, १ प्रोटॉन
५.५०, सिंगलेट, १ प्रोटॉन
५.०७, मल्टिप्लेट, २ प्रोटॉन
३.८७, सिंगलेट, ३ प्रोटॉन
३.३२, डबलेट, ६.७ हर्ट्झ, २ प्रोटॉन

बेरीज बारा, सूत्राशी जुळते. ५.९६, ५.०७ आणि ३.३२ हा तिघांचा संच म्हणजे अ‍ॅलिल गटाची खूण. १६.८ हर्ट्झ हे ट्रान्स बाजूच्या शेजाऱ्याचं, १०.० सिसचं आणि ६.७ शेजारच्या सीएच२चं, तेही दोनदा. या डबलेट-डबलेट-ट्रिपलेटच्या सैद्धांतिक बारा रेषांतल्या काही अगदी शेजारी पडतात, म्हणून रेषा मोजत न बसता बाहेरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजावं. ते सगळ्या कपलिंगच्या बेरजेइतकं हवं : १६.८ + १०.० + २ × ६.७ = ४०.२ हर्ट्झ. प्रत्यक्ष मोजमाप ४०.१.

आयसोयुजेनॉल असता तर १.८६ ला मिथाइल आणि ६.३ च्या आसपास सोळाच्या घरातल्या कपलिंगचा डबलेट असता. मुख्य पदार्थ म्हणून तो बाद. तरी १.८६ ला एक बारीक डबलेट आहेच. त्याचं पुढे बघू.

३.८७ च्या सिंगलेटभोवती ०.१८ पीपीएम अंतरावर दोन्हीकडे बारीक पीकं आहेत. ही अशुद्धी नाही. ती कार्बन-१३ ची उपपीकं. मिथाइलच्या एका बंधाची कपलिंग १४४ हर्ट्झच्या आसपास असते, तिच्या निम्मे ७२ हर्ट्झ, आणि ४०० मेगाहर्ट्झवर ते ०.१८ पीपीएम भरतात. प्रत्येकाची उंची मुख्य पीकच्या सुमारे ०.५५ टक्के. अंतर दोन्हीकडे सारखं असणं आणि यंत्र बदललं तरी ते हर्ट्झमध्ये तेवढंच राहणं, यावरून ओळखावं. ट्यूब फिरवत असाल तर फिरण्याच्या वेगाइतक्या अंतरावरही असंच काही दिसतं. फिरवणं थांबवलं की ते जातं. इथे ट्यूब स्थिरच आहे.

ओएचची खात्री : एक थेंब जड पाणी घालून ट्यूब उलटसुलट हलवली, पाच मिनिटं थांबलो. ५.५० गेलं. जड पाणी क्लोरोफॉर्मच्या वर तरंगतं आणि कॉइलच्या बाहेर राहतं, म्हणून शिम बिघडत नाही. मात्र स्तंभाची उंची आधीच कमी असेल तर तो थेंब नेमका कॉइलमध्ये येतो. हा प्रयोग वेगळ्या ट्यूबमध्ये केला, मुख्य ट्यूब कोरडीच ठेवली.

७ मार्च

कार्बन : १००.६ मेगाहर्ट्झ, प्रोटॉन डिकपलिंगसह, ३० अंशांची पल्स, विराम २ सेकंद, १०२४ स्कॅन. द्रावकाचा १:१:१ त्रिक ७७.१६ ला. दहा रेषा :

१४६.४, १४३.९, १३७.८, १३१.९, १२१.२, ११५.५, ११४.२, १११.१, ५५.८, ३९.९

डेप्ट-१३५ मध्ये (कार्बनवर किती हायड्रोजन आहेत ते सांगणारा प्रयोग) ११५.५ आणि ३९.९ खाली गेल्या, म्हणजे दोन्ही सीएच२. १३७.८, १२१.२, ११४.२, १११.१ आणि ५५.८ वर राहिल्या. १४६.४, १४३.९ आणि १३१.९ दिसल्याच नाहीत. हे हायड्रोजन नसलेले तीन कार्बन. वलयावर तीन ठिकाणी काहीतरी जोडलेलं आहे, हे इथे पक्कं झालं.

या तीन रेषा साध्या कार्बनमध्येही बुटक्या आहेत. त्यांचा विश्रांतिकाळ (पल्सनंतर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांब असतो आणि जवळ प्रोटॉन नसल्याने ओव्हरहाउझर वाढही (शेजारच्या प्रोटॉनमुळे मिळणारी सिग्नलवाढ) कमी मिळते. फक्त ७ मिलिग्रॅम नमुना असता तर त्या गोंगाटात बुडाल्या असत्या. अशा वेळी विराम ५ सेकंदांवर नेणं हा साधा उपाय. क्रोमियम अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट घातलं की काम लवकर होतं, पण नमुना परत हवा असेल आणि त्यावर पुढे नोझी (अवकाशात जवळ असलेले प्रोटॉन दाखवणारा प्रयोग) करायची असेल तर ते टाळावं.

३९.९ ही रेषा आत्ताच बरंच बोलते. अ‍ॅलिलचा सीएच२ ओएचच्या शेजारी असला की तो ३४ च्या जवळ येतो. म्हणजे ऑर्थो-युजेनॉल डळमळीत झाला. पण हा तक्त्यावरचा युक्तिवाद आहे. बंधांचा पुरावा एचएमबीसीतून घ्यायचा.

१० मार्च

कोझी (कोणते प्रोटॉन एकमेकांशी कपल आहेत ते दाखवणारा प्रयोग) पटकन झाली. ३.३२–५.९६–५.०७ ही साखळी सलग. ३.३२ आणि ५.०७ यांच्यात दूरच्या कपलिंगचं फिकट पीक आहे, अ‍ॅलिलमध्ये ते नेहमीचंच. ६.८५ आणि ६.६९ एकमेकांना जोडलेले.

एचएसक्यूसी (कोणता प्रोटॉन कोणत्या कार्बनवर ते दाखवणारा प्रयोग) : एका बंधाची कपलिंग १४५ हर्ट्झ धरून, सीएच२ उलट्या फेजमध्ये येईल अशा पद्धतीने, कार्बन अक्षावर २५६ पायऱ्या. ६.६९ चा गुंता इथेच सुटला. त्यातला एक प्रोटॉन १११.१ वर, दुसरा १२१.२ वर बसतो. ६.८५ हा ११४.२ वर. एकमेकांवर चढलेले प्रोटॉन दिसले की पुष्कळ जण लगेच द्रावक बदलून बेंझीन घेतात. कार्बन दहा पीपीएमने वेगळे असताना त्याची गरज नसते. दुसरी मिती तेच काम फुकटात करते.

एक सावधगिरी. कार्बन अक्षाची रुंदी कमी ठेवली की बाहेरची पीकं दुमडून भलत्या जागी येतात. १६० पीपीएम रुंदी आणि मध्य ८० ला ठेवला, त्यामुळे सगळं आत बसलं. कुठल्याही क्रॉस-पीकचा कार्बन सरळ कार्बन स्पेक्ट्रममधल्या एकाही रेषेशी जुळत नसेल तर आधी दुमडण्याचा संशय घ्यावा, नव्या कार्बनचा नाही.

११ मार्च

एचएमबीसी. बॅक्स आणि समर्स यांनी १९८६ साली मांडलेला हा प्रयोग नसता तर आजचा निर्णय पानभर तर्कांवर उभा राहिला असता. दूरच्या कपलिंगसाठी ८ हर्ट्झ धरले, म्हणजे थांबा १ ÷ (२ × ८) = ६२.५ मिलिसेकंद. कार्बन अक्ष २२० पीपीएम, ३२० पायऱ्या, प्रत्येकी ८ स्कॅन.

वाचताना आधी गाळणी. एका बंधाची गळती पूर्ण जात नाही. मेथॉक्सीच्या स्वतःच्या कार्बनवर, ५५.८ ला, ३.८७ च्या दोन्हीकडे ०.१८ पीपीएमवर जोडी दिसते. ६ मार्चची उपपीकंच ती. अरोमॅटिक सीएचची जोडी आणखी रुंद असते, १६० हर्ट्झच्या आसपास. या जोड्यांवर पेन्सिलने फुली मारली. हे न करता वाचायला बसलं तर त्यातलं एखादं टोक शेजारच्या प्रोटॉनच्या रांगेत पडतं आणि नसलेला बंध ‘सापडतो’.

वलयाला क्रमांक : अ‍ॅलिल ज्यावर तो सी-१. चर्चेसाठी युजेनॉलची मांडणी धरू : मेथॉक्सी सी-३ वर, ओएच सी-४ वर. ती खरी की खोटी हे पीक ठरवतील.

३.३२ (अ‍ॅलिलचा सीएच२) पोचतो १३१.९, १२१.२, १११.१, १३७.८ आणि ११५.५ ला. पहिला सी-१, मधले दोन त्याचे वलयातले शेजारी, आणि दोघांवरही हायड्रोजन आहे. १४३.९ किंवा १४६.४ ला याचं काहीच नाही. अ‍ॅलिलच्या शेजारी ऑक्सिजन असलेला कार्बन नाही, ऑर्थो-युजेनॉल बाद. ३४ चा तक्ता काढायची गरज पडली नाही.

आता युजेनॉल की चॅविबेटॉल. दोन्हींत अ‍ॅलिलच्या पॅरा (वलयात थेट समोरच्या) आणि मेटा (एक सोडून पुढच्या) जागी एकेक ऑक्सिजन आहे. कुठल्यावर मिथाइल, एवढाच प्रश्न. ३.८७ (मेथॉक्सी) चा एकच धागा, १४६.४ ला. तेव्हा मिथाइल १४६.४ च्या ऑक्सिजनवर. हा १४६.४ अ‍ॅलिलच्या मेटा जागी आहे की पॅरा जागी?

बेंझीन वलयात प्रोटॉनची तीन बंधांवरची कपलिंग, म्हणजे त्याच्यापासून मेटा जागेवरच्या कार्बनशी असलेली, ७ ते ८ हर्ट्झच्या घरात असते आणि जोरदार दिसते. दोन बंधांवरची लहान असते, पुष्कळदा दिसतच नाही. ६.८५ चा डबलेट हा ८ हर्ट्झचा, म्हणजे त्याला एक ऑर्थो (लगतचा) शेजारी. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन असलेला, अ‍ॅलिलला पॅरा असलेला कार्बन. हा एच-५. त्याचे जोरदार धागे १४६.४ आणि १३१.९ ला, १४३.९ ला फक्त पुसट डाग. ६.६९ चे दोघे (एच-२ आणि एच-६) जोरात जातात १४३.९ आणि ३९.९ ला.

एच-५ पासून तीन बंधांवर सी-१ आणि सी-३ येतात. सी-१ म्हणजे १३१.९, मग १४६.४ हा सी-३. एच-२ आणि एच-६ या दोघांपासूनही तीन बंधांवर असणारा ऑक्सिजनवाला कार्बन एकच, सी-४, तो १४३.९. मेथॉक्सी १४६.४ वर, म्हणजे सी-३ वर, अ‍ॅलिलच्या मेटा जागी. युजेनॉल. चॅविबेटॉलमध्ये मेथॉक्सीचा कार्बन आणि एच-२, एच-६ जिथे पोचतात तो कार्बन एकच असायला हवा होता.

या युक्तिवादाची एक मर्यादा लक्षात असू द्यावी. तो १४६.४ आणि १४३.९ यांच्यातल्या अडीच पीपीएमवर उभा आहे. कार्बन अक्षावर पायऱ्या कमी घेतल्या असत्या, समजा १२८, तर २२० पीपीएमच्या पट्ट्यात एका पायरीला १.७ पीपीएम येतात आणि दोन्ही डाग एकमेकांत मिसळतात. ३२० पायऱ्यांवर ०.७ पीपीएम मिळतात. ऑक्सिजनवाले दोन कार्बन एकमेकांपासून एक पीपीएमच्या आत असतील तर त्या भागापुरता, अरुंद कार्बन पट्ट्याचा एचएमबीसी वेगळा घ्यावा.

ओएच (५.५०) धारदार राहिल्याचा फायदाही मिळाला. त्याचे धागे ११४.२, १४३.९ आणि १४६.४ ला. त्यातला ११४.२ चा ठळक. शेजारच्या मेथॉक्सीच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध झाल्यामुळे ओएचचं टोक तिकडे वळलेलं असतं. मग सी-५ कडे जाणारा मार्ग ट्रान्स मांडणीचा ठरतो आणि त्या बाजूची कपलिंग मोठी येते. ओएच सी-४ वर असल्याचा हा स्वतंत्र साक्षीदार.

१३ मार्च

निवडक एकमितीय नोझी, पडताळणीसाठी. ट्यूबमध्ये बारीक सुईने दहा मिनिटं आर्गॉन सोडला. विरघळलेला ऑक्सिजन पॅरामॅग्नेटिक असतो आणि लहान रेणूंची आधीच मंद असलेली वाढ खाऊन टाकतो. क्लोरोफॉर्म उडतो, म्हणून नंतर उंची पुन्हा भरून घेतली. मिश्रणकाळ ५०० मिलिसेकंद, विराम ५ सेकंद, १२८ स्कॅन.

३.८७ निवडल्यावर ते पीक खाली, ६.६९ ला वर उठलेली वाढ, ६.८५ ला काही नाही. मेथॉक्सीचा शेजारी एच-२, एच-५ नव्हे. चॅविबेटॉलमध्ये वाढ आठ हर्ट्झच्या डबलेटवर दिसली असती. ३.३२ निवडल्यावरही वाढ ६.६९ लाच, आणि ती ठळक, कारण एच-२ आणि एच-६ दोन्ही तिथेच.

५.५० निवडलं तर १.५६ चं पाणीही खाली जातं, निवडलेल्या पीकच्याच फेजमध्ये. ही जवळीक नाही, अदलाबदल आहे. फेज न बघता नुसतं ‘पीक आलं’ म्हणून नोंदवणारा इथे फसतो.

१४ मार्च

शुद्धता. इंटिग्रेशनवरून टक्केवारी काढायची तर ६ मार्चच्या सेटिंग्ज चालणार नाहीत. एक सेकंदाच्या विरामात लांब विश्रांतिकाळाचे प्रोटॉन कमी मोजले जातात. अंतर्गत मानक डायमिथाइल सल्फोन (९४.१३), सिंगलेट ३.० च्या जवळ, सहा प्रोटॉन, ३.३२ पासून पुरेसं दूर. इन्व्हर्शन रिकव्हरीत (विश्रांतिकाळ, म्हणजे टी-१, मोजण्याचा प्रयोग) सगळ्यांत लांब काळ मानकाचाच निघाला : शून्य ओलांडणं २.९ सेकंदांवर, म्हणून टी-१ = २.९ ÷ ०.६९३ ≈ ४.२ सेकंद. ९० अंशांच्या पल्ससाठी सातपट, म्हणजे ३० सेकंद पुनरावृत्ती. ३२ स्कॅन. डिकपलिंग नाही, पण इंटिग्रेशन सगळ्यांचं सारख्याच नियमाने : उपपीकं दोन्हींत आत धरली.

वजनं : नमुना २०.४ मिलिग्रॅम, मानक ६.१ मिलिग्रॅम, मानकाची शुद्धता ९९.९ टक्के. मानक ६.०० ठेवल्यावर अ‍ॅलिलच्या सीएच२चं क्षेत्रफळ ३.७०.

मानक : ६.१ ÷ ९४.१३ × ०.९९९ = ०.०६४७ मिलिमोल. नमुना : (३.७० ÷ २) × ०.०६४७ = ०.११९८ मिलिमोल, गुणिले १६४.२० = १९.७ मिलिग्रॅम. शुद्धता ९६.४ टक्के. इथे सगळ्यांत मोठी चूक तराजूची असते. सहा मिलिग्रॅमवर ०.१ इकडेतिकडे झालं तर उत्तर दीड टक्क्याहून जास्त हलतं. पुढच्या वेळी मानक १५ मिलिग्रॅमच्या खाली घेऊ नये.

१.८६ चा बारीक डबलेट हा ट्रान्स-आयसोयुजेनॉलचा मिथाइल. ३.८७ चं क्षेत्रफळ ३.०० धरलं तर तो ०.०६, सुमारे २ टक्के. त्याचा ६.३ चा डबलेटही उभा लांबवल्यावर दिसतो, १५.८ हर्ट्झ.

१७ मार्च

‘ब’. प्रोटॉन स्पेक्ट्रम ‘अ’सारखाच साधा, आणि तिथेच घोटाळा आहे. अ‍ॅलिलचा संच शाबूत : ५.९८, ५.१ च्या आसपास आणि ३.३६. मेथॉक्सी ३.९०. ओएच ६ च्या जवळ, जड पाण्याने जातो. ६.८५ चा आठ हर्ट्झचा डबलेट गायब, त्याऐवजी ६.७५ आणि ६.७२, प्रत्येकी सुमारे २ हर्ट्झचे डबलेट. एकमेकांच्या मेटा असलेले दोनच अरोमॅटिक प्रोटॉन. एच-५ ची जागा भरली गेली.

प्रमाणाने मोजले तर अकरा प्रोटॉन. कार्बन दहा : १४७.२, १४१.०, १३७.६, १३१.९, १२४.४, १२३.१, ११५.७, ११०.७, ५६.१, ४०.०. डेप्टमध्ये हायड्रोजन नसलेले चार. १२४.४ ही रेषा नवी.

एनएमआर प्रमाण सांगतं, संख्या नाही. अकरा प्रोटॉन आणि दहा कार्बन हे अर्ध्या रेणूचंही चित्र असू शकतं. मास स्पेक्ट्रममध्ये ३२६. दोन युजेनॉलमधून दोन हायड्रोजन वजा केले की ३२६.३९. म्हणजे डायमर, दोन रेणू जोडून झालेला. आणि रेषा दहाच, म्हणून दोन अर्धुकं एकसारखी. एकाचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या वलयाला जोडलेला डायमर असता तर वीस रेषा आल्या असत्या. राहतो सी-५ ते सी-५ असा वलय-वलय बंध : डीहायड्रोडायुजेनॉल.

१९ मार्च

मास स्पेक्ट्रममधला ३२६ हा आयनीकरणात चिकटलेल्या दोन रेणूंचा नाही ना, हे द्रावणातच बघायचं होतं. विसरण प्रयोग, म्हणजे डोझी : ‘अ’ आणि ‘ब’ एकाच ट्यूबमध्ये, प्रत्येकी ५ मिलिग्रॅम. एकत्र घेतल्यामुळे चिकटपणा आणि तापमान दोघांना सारखंच लागू होतं आणि फक्त गुणोत्तर बघता येतं.

क्लोरोफॉर्म पातळ असल्यामुळे खालून-वर तापमानात थोडाही फरक पडला की द्रावण फिरायला लागतं, आणि त्याने विसरण गुणांक फुगतो. उपाय : ३ मिलिमीटरची ट्यूब, फिरवणं बंद, २९८ केल्विनवर वीस मिनिटं स्थिरावणं आणि संवहन भरपाई असलेली पल्समालिका. विसरणकाळ ५० मिलिसेकंद. ग्रेडियंट २ ते ९५ टक्के, सोळा पायऱ्या. ग्रेडियंटची लांबी अशी जुळवली की शेवटच्या पायरीला सिग्नल ५ टक्क्यांच्या आसपास उरावा. याहून जास्त उरला तर वक्र नीट बसत नाही. आधीच संपला तर मागच्या पायऱ्या नुसता गोंगाट मोजतात.

विसरण गुणांकांचं गुणोत्तर ‘अ’ : ‘ब’ = १.३४. वस्तुमानाचं गुणोत्तर १.९९, त्याचं घनमूळ १.२६, वर्गमूळ १.४१. दुप्पट वस्तुमानाचा रेणू याच पट्ट्यात पडायला हवा. मोजणीसाठी ‘अ’चं ६.८५ आणि ‘ब’चं ३.९० घेतलं, अ‍ॅलिलचे पीक एकमेकांवर चढतात, त्यांचा गुणांक दोघांची सरासरी दाखवतो.

२० मार्च

‘ब’चा एचएमबीसी. अ‍ॅलिलचा सीएच२ पोचतो १३१.९, १२३.१, ११०.७ ला, मेथॉक्सी १४७.२ ला, दोन्ही अरोमॅटिक प्रोटॉन १४१.० ला. सांगाडा ‘अ’चाच. १२३.१ वरचा प्रोटॉन (एच-६) १२४.४ ला चांगला ठळक डाग देतो.

हा डाग फसवा आहे. स्वतःच्या वलयातला सी-५ दोन बंधांवर, समोरच्या वलयातला सी-५ तीन बंधांवर, आणि समरूपतेमुळे दोघांचं मूल्य तंतोतंत एक. कोणता धागा दिसतोय हे जागेवरून सांगता येत नाही. पण दोन बंधांवरचा धागा या रेणूत इतरत्र पुसट आहे, जसं १४७.२ ला एच-२ चा. त्या मानाने १२४.४ चा ठळकपणा समोरच्या वलयाचा वाटा दाखवतो. पूरक पुरावा म्हणून चालेल. मुख्य आधार दहा रेषा, ३२६ आणि गायब झालेला एच-५.

नोझीत ३.९० निवडल्यावर ११०.७ च्या कार्बनवरचाच अरोमॅटिक प्रोटॉन वाढतो, १२३.१ वरचा नाही. एच-२ आणि एच-६ यांचं वाटप पूर्ण. दोन्ही नमुन्यांचे एफआयडी, पल्समालिकांच्या सेटिंग्ज आणि संदर्भाची टीप (टीएमएस ०.००, कार्बन ७७.१६) एकत्र ठेवल्या. ‘अ’ची कार्बन ट्यूब रोटाव्हेपवर कोरडी करून ३८ मिलिग्रॅम परत मिळाला, आर्गॉनखाली, गडद बाटलीत, फ्रीजमध्ये.